कलाभवनाचे जुने विद्यार्थी

हावड्याहून निघालेली गाडी वर्धमान ओलांडून पुढे गेली, की खिडकीबाहेरचा मातीचा रंग हळूहळू पालटू लागतो. अजय नदीचे रुंद वाळवंट मागे पडले म्हणजे बीरभूम जिल्हा लागला असे समजावे. येथील माती तांबडी आहे. कोकणच्या माणसाला आपल्या जांभ्याची आठवण व्हावी इतकी तांबडी. पावसाच्या पाण्याने या माळावर जागोजाग खोल घळी पाडल्या आहेत. त्यांना तेथील लोक ‘खोआई’ म्हणतात. मधूनच ताडाची एकटी झाडे, सालवृक्षांच्या रांगा आणि संथाळांची सारवून चित्रे काढलेली घरे दिसतात. बोलपूर स्टेशनावर उतरून दोन-तीन किलोमीटर गेले, की शांतिनिकेतन येते.

शांतिनिकेतनाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वंगचित्रे’ या पुस्तकाने तर ते अनेक मराठी घरांत नेऊन पोहोचविले. १९०१ साली रवींद्रनाथांनी अवघ्या पाच मुलांना घेऊन काढलेली शाळा, १९२१ साली तिच्यातून उभी राहिलेली विश्वभारती, १९५१ साली तिला मिळालेला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा, २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झालेला समावेश, हे सारे वाचकांना ठाऊक असेल. मला सांगावयाचे आहे ते या विस्तीर्ण आश्रमाच्या एका कोपऱ्याविषयी. तो कोपरा म्हणजे १९१९ साली सुरू झालेले कलाभवन.

माझी मावशी १९६१ साली नागपूरहून येथे शिकावयास आली. आज ती ऐंशी ओलांडून पुढे गेली आहे. दोन वर्षे ती येथे राहिली. तिसऱ्या वर्षी घरी लग्न ठरले, तार आली, आणि ट्रंक भरून ती परत गेली. शिक्षण अर्धवट राहिले म्हणून तिने पुढे कधीही स्वतःस कलाभवनाची माजी विद्यार्थिनी म्हणवून घेतले नाही. कोणी विचारलेच तर “थोडे दिवस होते तेथे,” एवढेच ती म्हणे. गेल्या डिसेंबरात मात्र ती आपण होऊन म्हणाली, “चल, एकदा नंदन मेळा पाहून येऊ. मला एकटीला आता गाडीत चढवत नाही.”

नंदलाल बसू यांचा जन्मदिवस ३ डिसेंबर. त्याच्या आदले दोन दिवस कलाभवनाच्या आवारात हा मेळा भरतो. १९७३ पासून ही प्रथा चालू आहे. विद्यार्थी, शिक्षक आणि दूरदूरचे जुने विद्यार्थी आपल्या हातच्या वस्तू आणून येथे विकतात. छापचित्रे, मातीची भांडी, बाटिकची कापडे, खेळणी, दिनदर्शिका. जमलेला पैसा अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत जातो. एरव्ही मोठ्या दालनात मोठ्या किमतीस जाणाऱ्या चित्रकाराचे छोटे रेखाटनही येथे सामान्य माणसाच्या खिशाला परवडते. ज्यांच्यासाठी हे करावयाचे त्या मुलांची तोंडओळखही देणाऱ्याला नसते, ही गोष्ट मला फार आवडली. मावशीच्या पिशवीतही कागदात गुंडाळलेली पंधरा लिनोकट चित्रे होती. ती द्यावयाची की नाही, याचा निर्णय मात्र बोलपूर येईपर्यंत झालेला नव्हता.

मेळ्याला अवकाश होता, म्हणून आम्ही आधी सारा परिसर हिंडून पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षा मावशीने तो मला वाचून दाखविला असे म्हणणे योग्य होईल. येथे भिंत ही नुसती भिंत नसते. जुन्या वसतिगृहाच्या एका दालनात विनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४० साली छतावर बीरभूमचे खेडे रंगविले आहे. मधोमध तळे, आणि त्याच्या चहूबाजूंनी झाडे, माणसे, गुरे. या छताखाली विद्यार्थ्यांच्या खाटा असत. सकाळी डोळे उघडताच विद्यार्थ्याला हे गाव दिसे! पुढे १९४६-४७ मध्ये हिंदीभवनाच्या भिंतींवर याच विनोदबाबूंनी मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र केले, तेही अगोदर भिंतीवर आराखडा न उतरविता, थेट ओल्या गिलाव्यावर.

१९५७ साली त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. मावशी आली तेव्हा ते अंध होते आणि तरीही शिकवीत होते. “विनोददा चित्र समोर नसताना चित्र समजावून सांगत,” ती म्हणाली. “कोणत्या कोपऱ्यात कोणता रंग आहे हे त्यांना आठवे, आणि आम्हां डोळसांना मात्र पुस्तक उघडावे लागे.” १९७२ साली त्यांनी कलाभवनाच्या एका भिंतीवर चिनी मातीच्या फरश्यांचे भित्तिशिल्प केले. तेव्हा ती नागपुरात दोन मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळीत होती. ते शिल्प तिने या वेळी पहिल्यांदा पाहिले. बराच वेळ ती फरश्यांवरून बोटे फिरवीत उभी राहिली.

येथे शिक्षकांना ‘सर’ म्हणत नाहीत. सगळे ‘दा’ आणि ‘दी’. नंदलाल तेवढे ‘मास्टरमोशाय’. शिल्पकार रामकिंकर बैज हे किंकरदा. बांकुड्याचा हा गरीब घरचा मुलगा १९२५ साली विद्यार्थी म्हणून आला आणि येथलाच झाला. त्यांचे ‘संथाळ कुटुंब’ हे १९३८ सालचे शिल्प आजही आवारात आहे. डोक्यावर टोपली घेतलेली स्त्री, खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडीत बसलेले मूल आणि बरोबर चालणारे कुत्रे. संगमरवर नाही, पितळ नाही; सिमेंट आणि येथल्याच तांबड्या मातीतली खडी. ज्या वाटेने ते कुटुंब चालले आहे त्या वाटेचीच ती माणसे वाटतात. किंकरदा ताडपत्रीची टोपी घालून उन्हात काम करीत आणि मोठ्याने गात. “आम्ही शिकलो ते त्यांच्या भोवती उभे राहून,” मावशी म्हणाली, “वर्गात किती शिकलो ते मला सांगता येणार नाही.”

कलाभवन लहान होते याचा अर्थ मला येथे उमगला. मूठभर विद्यार्थी आणि तितक्याच जवळचे शिक्षक, त्यामुळे शिकणे आणि राहणे यांत भेदच उरत नसे. मातीच्या भिंतींना डांबर फासून त्यांवर विद्यार्थी-शिक्षकांनी मिळून उठावशिल्पे केलेले ‘काळे घर’ हे विद्यार्थ्यांचे वसतिगृहच होते. बुधवारी सुटी, त्या दिवशी वह्या घेऊन कोपाई नदीवर जावयाचे. हिवाळ्यात सहल. १० मार्चला, गांधीजींनी १९१५ साली घालून दिलेल्या पाठाची आठवण म्हणून, आश्रमातील सेवकांना सुटी देऊन झाडणे-स्वयंपाक विद्यार्थ्यांनी करावयाचा. नागपूरच्या मुलीला मोहरीच्या तेलाचा वास सहन होईना. महिनाभर तिने मुडी आणि केळी यांवर काढला. नंतर मात्र पोस्त घातलेल्या बटाट्याची तिला अशी चटक लागली, की आमच्या घरी आजही ती भाजी ‘शांतिनिकेतनी’ या नावानेच होते.

या लहानशा जागेतून केवढी माणसे गेली! कोल्हापूरकडचे विनायक मासोजी येथे विद्यार्थी होते आणि पुढे शिक्षक झाले. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी केली. त्यातील उद्देशिकेचे पान जबलपूरच्या राममनोहर सिन्हा यांच्या हातचे. के. जी. सुब्रमण्यन १९४४ साली आले, शिकून गेले, आणि १९८० मध्ये प्राध्यापक म्हणून परतले. येथील एका इमारतीवर त्यांनी काळ्या-पांढऱ्या रंगांत केलेले भित्तिचित्र जुने झाले, तेव्हा २००९ साली वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात त्यांनी स्वतःच ते नव्याने रंगविले. आणि सत्यजित राय? ते १९४० मध्ये दाखल झाले व १९४२ साली अभ्यासक्रम अर्धा टाकून कलकत्त्यास परतले. पुढे १९७२ साली आपल्या विनोददांवर त्यांनी ‘द इनर आय’ हा अनुबोधपट काढला. रायांचे हे उदाहरण मी मावशीपुढे ठेवले. “ते राय होते,” ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मेळ्याच्या सकाळी आंब्याच्या झाडांखाली जुनी मंडळी बसली होती. कोणी बडोद्याहून, कोणी केरळातून, कोणी ढाक्याहून आलेले. त्यांत मावशीच्या वेळचे दोघेच. एका आजोबांनी मेणकागदात जपलेले पोस्टकार्ड काढले. नंदलाल आपल्या विद्यार्थ्यांना कार्डावर चार रेघांचे चित्र काढून पाठवीत, हे तशांपैकी. काड्यांसारख्या पायांची एक बकरी. कार्ड हातोहात फिरले. पलीकडे वादही चालला होता. आता विद्यार्थी फार झाले, आवाराला कुंपणे आली, ते दिवस गेले, असे एकजण तावातावाने सांगत होते. दुसऱ्या बाईंनी उत्तर दिले, “आपल्या वेळी आपण फार थोडे होतो हे खरे. पण मग बाहेर राहिलेल्यांचे काय?” मला दोघांचेही पटले, आणि ते तसेच सोडून द्यावे असे वाटले.

मावशी यात काही बोलली नाही. छापचित्रांच्या मांडवात जाऊन तिने पिशवी सोडली. टेबलामागची मुलगी मणिपूरची होती, पहिल्या वर्षातली. वहीत देणगीदाराचे नाव व वर्षे लिहावयाची होती. मावशीने ‘१९६१–६३’ लिहिले आणि पेन खाली ठेवीत म्हटले, “मी पुरे केले नव्हते हं.” मुलीला हिंदी बेताचेच येत होते. चित्रे अपुरी आहेत असे तिला वाटले असावे. तिने एकेक कागद उजेडाला धरून नीट पाहिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “नहीं दीदी, पूरा है.”

दुपारपर्यंत अकरा चित्रे विकली गेली. मावशीने त्याच मांडवातून एका विद्यार्थ्याचे कोपाईचे छापचित्र घेतले, घासाघीस न करता. मग आम्ही मुडी आणि चहा घेऊन सालवृक्षांखाली बसलो.