टोपलीतले मूल

कवितावाचनाला गेलो की मी दाराजवळची खुर्ची धरतो. मराठीच्या प्राध्यापकाने हे सांगू नये. पण अनुभव दांडगा आहे!

गेल्या वर्षी न्यू जर्सीत धाकट्या भावाकडे होतो. तिथल्या एका कॉलेजात आयरिश व अमेरिकन कवींचा शनिवार-रविवारचा मेळा भरला होता. दहा वर्षांच्या पुतणीला घेऊन गेलो. तिला मराठी समजते. उत्तर मात्र इंग्रजीत येते. 'मराठीत बोल' म्हणून आठवडाभर मी तिच्या मागे लागलो होतो.

एका आयरिश बाईंनी कविता आधी आयरिशमध्ये म्हटली, मग इंग्रजीत. पहिल्या खेपेस फारसे कुणाला काही कळले नसावे. पण कुणी खोकलेही नाही.

मला नुआला नी गोनिल आठवल्या. त्यांनी कविता लिहिल्या त्या आयरिशमध्येच. १९९० साली त्यांचा 'फॅरोज डॉटर' हा संग्रह निघाला, तेव्हा शेमस हीनी, पॉल मल्डून यांच्यासारख्या तेरा जणांनी त्यांची इंग्रजी भाषांतरे केली. नाव बायबलातल्या कथेवरून: टोपलीत घालून नदीत सोडलेले मूल फॅरोच्या मुलीने उचलले. आपली भाषाही अशीच सोडायची. कुणाच्या हाती लागेल, कोण जाणे!

परतताना पुतणी इंग्रजीत म्हणाली, "काका, तूही एक म्हण ना. आधी तुझ्या भाषेत."

'तुझ्या' हा शब्द जरा टोचला. तरी बालकवींची एक कविता म्हटली आणि सवयीने अर्थ सांगू लागलो.

"थांब," ती म्हणाली, "परत म्हण."

हे मात्र मराठीत होते.