नारायणगावच्या राहुट्या

पुण्याहून नाशिककडे जाताना जुन्नर तालुक्यात नारायणगाव लागते. शेतकऱ्याला हे गाव टोमॅटोच्या बाजारासाठी ठाऊक आहे. द्राक्षबागाही आसपास भरपूर. पण गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे गेलात, तर आणखी एक बाजार दिसेल. त्याला तमाशापंढरी म्हणतात. रस्त्याकडेला ओळीने राहुट्या ठोकलेल्या असतात. प्रत्येकीवर फडाचे नाव, फडमालकाचा किंवा नायिकेचा फोटो. आत व्यवस्थापक वही उघडून बसलेला. गावोगावचे पंच येतात, यात्रेची तिथी सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झीलकऱ्यांचा उंच सूर ऐकत आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. आज मात्र हा धंदा अडचणीत आहे.

शेतीखात्याच्या नोकरीत पिकाचा ताळेबंद मांडायची सवय लागते. तसाच फडाचा मांडून पाहू. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखात मुक्कामाला परततो. पावसाळ्यात काम बंद. पुष्कळ कलावंत तेव्हा शेतमजुरीला जातात. हंगाम सुरू होण्याआधीच फडमालकाला कलावंतांना उचल द्यावी लागते. ती बहुधा सावकाराकडून येते. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे. त्यांचे जेवण, मालमोटारी, डिझेल, तंबू, दिवे, ध्वनिक्षेपक हा खर्च खेळ होवो न होवो चालूच. कनात लावून तिकिटावर केलेल्या खेळाचा भरवसा नाही. एक अवकाळी सर आली की गल्ला बुडाला. खरी भिस्त चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर. त्यातही अडचण अशी, की पौर्णिमा, अष्टमी अशा एकाच तिथीला अनेक गावांची यात्रा असते. फड तर एकाच गावी उभा राहणार! म्हणून मागणीच्या तिथीला दर चढतो आणि बाकीच्या रात्री रिकाम्या जातात. नाशवंत मालाचे दुखणे काय असते, हे टोमॅटो पिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. हंगामाचे तोंडच बंद झाले. पुढल्या वर्षी, २०२१ च्या चैत्रातही यात्रा भरल्या नाहीत. सलग दोन हंगाम बुडाल्यावर उचल कशी फिटणार? पीक बुडाले तर पंचनामा होतो, बुडालेल्या खेळाचा होत नाही.

दुसरी अडचण वेळेची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवी, तेव्हा नियम योग्यच आहे. पण गण, गौळण, बतावणी आणि मग वग असा रात्रभराचा खेळ दोन तासांत कसा बसवायचा? मग कात्री लागते ती वगाला. उरतात सिनेमाची गाणी. तरुण मंडळी म्हणतात, गाणीच ऐकायची तर डीजे स्वस्त पडतो. अशाने वग लिहिणारा, सोंगाड्या आणि ढोलकीवाला तिघेही मागे पडतात.

आपल्या गावाच्या हातात काय आहे? यात्रेची वर्गणी रब्बीच्या पैशातून जमते, म्हणजे फडाचा पोशिंदा शेतकरीच. पंचांनी चार गोष्टी पाहाव्यात. खेळ दिवेलागणीलाच सुरू करावा; पाहुण्यांच्या सत्कारात तास घालवू नये. सकाळच्या हजेरीला पुन्हा मान द्यावा. रात्री तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्या ही जुनी रीतच आहे. दिवसा दहाच्या मर्यादेचा प्रश्न येत नाही, तेव्हा उरलेला वग हजेरीत पुरा करता येतो. ठरलेले पैसे खेळ संपताच पुरते द्यावेत. आणि कलावंत स्त्रियांसाठी आडोसा, पाणी, संडास व रात्रीची राखण यांची सोय पंचांनी स्वतः उभे राहून करावी.

भगिनींनाही एक सांगणे आहे. पुष्कळ गावांत बायका तमाशाला जात नाहीत, कारण पुढे हुल्लड चालते. पंचांनी बंदोबस्त ठेवून बायकांसाठी वेगळी जागा राखली, तर घरची मंडळी एकत्र बसून वग पाहतील. बायका समोर बसल्या की शिट्ट्या कमी होतात, आणि फडालाही वग रंगवायला हुरूप येतो.

येत्या पाडव्याला आपले पंच नारायणगावला निघतील. सुपारी देताना त्यांनी दराबरोबर एवढेही विचारावे : यंदा वग कोणता आणि तो पुरा दाखवणार का?