न झालेल्या हँडओव्हरची नोंद

बोगदा जवळ आला की ड्रायव्हर मामा न सांगताच गाडी ऐंशीवर धरतात. माझ्या मांडीवर लॅपटॉप, डॅशबोर्डला लावलेले दोन फोन, दोन्हींवर कॉल चालू. ड्राइव्ह टेस्ट म्हणजे एवढंच: कॉल चालू ठेवून फिरत राहायचं आणि एका टॉवरनं तो दुसऱ्याच्या हाती कसा सोपवला (हाच हँडओव्हर), ते लॉगमध्ये बघायचं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या घाटातल्या एका बोगद्यात कॉल तुटतात, अशी तक्रार होती. आमच्या तक्त्यात मात्र त्या भागाचा हँडओव्हर सक्सेस रेट शंभराला टेकलेला. तक्ता पुढे करून मी तक्रार जवळजवळ निकालात काढली होती. तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, माझा पण इथंच कटतो की."

लॉग पुन्हा उघडला. फोर-जीत फोन शेजारच्या सेलचा, म्हणजे टॉवरनं सांभाळलेल्या एका भागाचा, सिग्नल सतत मोजत असतो. तो चालू सेलपेक्षा ३ डेसिबलनं सरस झाला आणि ६४० मिलिसेकंद तसाच टिकला, तरच फोन टॉवरला कळवणार, अशी तिथली सेटिंग होती. निर्णय टॉवरचा, आणि 'जा' हा आदेशही जुन्याच टॉवरकडून यायचा. ताशी ८० किलोमीटरनं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ६४० मिलिसेकंदांत १४ मीटर. माळरानावर १४ मीटरला कोण विचारतो? पण बोगद्याच्या तोंडाशी तेवढ्यात डोंगर आडवा येतो. जुना सिग्नल कोसळतो, फोनचं कळवणं टॉवरपर्यंत पोचतच नाही, मग आदेश निघणार कुठून?

सक्सेस रेट म्हणजे सुरू झालेल्या हँडओव्हरपैकी पार पडलेले किती. आमचा सुरूच झाला नव्हता, म्हणून नापासांतही नव्हता. परीक्षेला न बसलेली पोरं वगळून शाळेनं शंभर टक्के निकाल लावावा, तसं.

मग मी घाईघाईत तो ६४०चा थांबायचा वेळ १६० मिलिसेकंदांवर आणला. बोगदा सुधारला, पण तोच बाहेरचा सेल पलीकडच्या वस्तीलाही सिग्नल देत होता. तिथं दोन टॉवर तोडीस तोड, त्यामुळे फोन इकडून तिकडे, तिकडून इकडे. आम्ही याला पिंगपाँग म्हणतो. प्रत्येक उडीत आवाज साधारण ५० मिलिसेकंद तुटतो. व्होल्टीमध्ये, म्हणजे फोर-जीवरच्या आवाजाच्या कॉलमध्ये, आवाजाचं पाकीट दर २० मिलिसेकंदांनी निघतं, म्हणजे दोन-तीन पाकिटं अडली. एकदा झालं तर कानाला कळत नाही. सारखं झालं की समोरचा "हॅलो, हॅलो" सुरू करतो. शेवटी वेळ पूर्ववत केला आणि फक्त त्या दोन सेलच्या जोडीपुरती सवलत दिली: बोगद्यातला सेल आहे त्यापेक्षा थोडा वरचढ समजायचा, म्हणजे फोन उजेडात असतानाच कळवतो.

दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात. थ्री-जीत आवाजाचा कॉल नेमकं तेच करायचा: नवा टॉवर पक्का होईपर्यंत जुना सोडायचा नाही. फोर-जीत आधी हात सुटतो, मग दुसरा धरायचा. म्हणून मोजताना एक आकडा पुरत नाही. उशीर झाला, घाई झाली की भलत्याच सेलकडे गेला, हे वेगळं काढावं लागतं. तुटल्यावर फोन कुठे पुन्हा जोडला गेला, ती जागा बरंच सांगून जाते. बोगद्यातल्या सेलवर उगवला, तर उशीर झाला होता. जुन्याच सेलवर परतला, तर घाई.

आता माझ्या तक्त्यात सक्सेस रेटशेजारी एक रकाना असतो: सुरूच न झालेले. तो धरून पहिला महिन्याचा अहवाल दिला, तेव्हा एकूण आकडा घसरलेला दिसला. वरिष्ठांनी विचारलं, "नेटवर्क बिघडलं का?"

म्हटलं, "नाही सर, हजेरीपट पूर्ण झाला."