उजवीकडची जागा

बाजारात ईदकार्डांच्या चळती लागायच्या त्या काळातही आमच्या घरची कार्डं हातानेच व्हायची. विकतच्या कार्डावर एक तर नुसती उर्दू असायची, नाही तर इंग्रजी. आमच्या खालाअम्मांना फक्त उर्दू वाचता येई आणि आम्हा भावंडांना उर्दू सोडून बाकी सगळं. म्हणून एकाच कार्डावर उजवीकडून अब्बा लिहीत, डावीकडून मी मराठीत. मागचे रंगही माझेच.

सामान शाळकरी पोराच्या दप्तरातलं. रंगाच्या वड्यांची पेटी, एक रुंद ब्रश, चिकटपट्टी, मेणबत्तीचा तुकडा, खडेमीठ. पैसे घालायचेच तर कागदावर घालावेत. पातळ ड्रॉइंग पेपर पाणी लागताच फुगतो. ३०० जीएसएमचा जाड कागद चारी बाजूंनी फळीला चिकटवला, की सपाट सुकतो. कुणी याला इंग्रजी ग्रीटिंगची नक्कल म्हटलं, की मला हसू येतं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच मुळी कागद बनवणाऱ्यांवरून पडलं. सतराव्या शतकात विजापुरात पाण्यावर रंग तरंगवून केलेल्या अबरीची चित्रं होत होती, आणि अब्र म्हणजे ढग.

हिरवा रंग, मिनार आणि कोरीच्या पोटात चांदणी, हे मात्र मी कधी काढलं नाही. कोरीच्या पोटात चांदणी दिसेलच कशी? तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो. ईदचा चंद्र पश्चिमेला, अगदी खाली, मावळलेल्या सूर्याकडे तोंड करून होडीसारखा कललेला असतो. त्याची कोर मी आधी मेणबत्तीच्या कडेने ओढून घेते. मेणावर रंग धरत नाही, कागद पांढरा राहतो. मग सगळा कागद स्वच्छ पाण्याने ओला करायचा. वरून निळा, खालून केशरी. दोन्ही भिडले, की मळकट चिखल होतो, म्हणून मध्ये दोन बोटं पट्टा नुसत्या पाण्याचा ठेवायचा. रंग तिथवर जेमतेम पोचतात. मगरिबनंतरचं आभाळ तसंच असतं, आणि मजकूर त्याच फिक्या पट्ट्यावर उठून दिसतो.

मीठ फक्त वरच्या निळ्यावर टाकायचं. कागदाची ओली चमक उतरू लागली, की चिमूटभर. खडा पाणी ओढून घेतो, भोवती रंग बाजूला सरतो आणि चांदण्या उमटतात. सुकल्यावर मीठ झाडून टाकलं तरी कागद खरखरीत राहतो, पेन अडतो. लिहायच्या जागी मीठ नको ते याचसाठी.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तसं हे कामही बदलतं. २०१६ साली ती जुलैत, भर पावसात आली. कार्डं रात्रभर ओली, मीठच पाणी सुटलेलं. ते तव्यावर भाजून घ्यावं लागलं. २०२५ साली ३१ मार्चला आली तेव्हा मीठ उचलेपर्यंत कागद कोरडा. शिवाय ओला ब्रश ओठांनी टोकदार करायची सवय रोजात चालत नाही.

अब्बा २०११ साली गेले. त्या वर्षी पट्ट्याची उजवी बाजू कोरीच ठेवून कार्डं पाठवली. मजकूर मधोमध घेता आला असता, हात झाला नाही. खालाअम्मांचा फोन आला, “मेरी बाजू कायकू खाली छोडी गे?”

त्या चिडलेल्या नव्हत्या. मलाच उत्तर देता येईना.

पुढच्या रमजानमध्ये शेजारच्या मुलाचा उर्दू कायदा मागून आणला. ‘ईद मुबारक’ म्हणजे उर्दूत आठ अक्षरं. ती रद्दीवर गिरवली, मग कार्डावर उजवीकडून उतरवली. यंत्राने छापल्यासारखी नव्हती, पण वाचता येत होती. शुभेच्छा आता मोबाइलवर ढिगाने येतात. खालाअम्मा कार्डाचीच वाट पाहत. ते पोचल्यावर त्यांनी फोनवर ती अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “अगले साल काफ का मरकज जरा लंबा खींच.”