किल्ली आत राहिली

शेजारच्या निवृत्त उर्दू प्राध्यापकांचा संगणक २००६ साली नया नगरातील माझ्या खोलीत आला. त्यात त्यांच्या व्याख्यानांची टिपणे होती; दुसरी प्रत कुठेच नव्हती. यंत्र संथ झाले होते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या यंत्रापुरता बांधून काढावा असे मी ठरवले.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली खुली केलेली ही संहिता कोणालाही वाचता येते. ती चालती करायला मात्र हत्यारे लागतात. जीसीसी, मेक, बिनयुटिल्स यांच्या किमान आवृत्त्या सोबतच्या ‘चेंजेस’ या टिपणात दिल्या होत्या. प्रस्तावना वगळून पुस्तक वाचणाऱ्याप्रमाणे मी ते शेवटी उघडले. पर्याय निवडण्याचा तक्ताही एनकर्सेसच्या फायली बसवल्यावरच पडद्यावर आला.

मग मी उत्साहाने एकेक गोष्ट वगळत गेलो. डिस्कवरील ईएक्सटी३ ही फाइल-रचना वाचणारा भागही गाभ्याबाहेर, स्वतंत्र मॉड्यूल म्हणून ठेवला. ते मॉड्यूल त्याच डिस्कवर होते, आणि ते आधी स्मृतीत आणण्याची सोय मी केली नव्हती. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावे, तसे झाले. ‘कर्नल पॅनिक’ असे लिहून यंत्र थांबले.

सर दारात उभे होते. ‘‘टिपणं आहेत ना?’’ त्यांनी एवढेच विचारले.

जुना गाभा मी पुसला नव्हता. त्याच्या आधारे यंत्र उघडले, आधी टिपणांची प्रत काढली, मग तो भाग गाभ्यात घेतला. वेग किंचितच वाढला. पण काही वगळण्यापूर्वी त्यावाचून काय उघडणार नाही हे पाहण्याची सवय लागली. दुसऱ्यांचे लेख संपादताना ती आजही उपयोगी पडते.