गंधाराची मोकळी जागा

गिटारची नेहमीची जुळणी, जाड तारेकडून बारीक तारेकडे, ई-ए-डी-जी-बी-ई. सहावी, दुसरी आणि पहिली या तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवल्या की डी-ए-डी-जी-ए-डी होते. वादक तिला ‘डॅडगॅड’ म्हणतात. डीला षड्ज धरा: सा प सा म प सा. तानपुऱ्याला लागणारे पंचम-मध्यम दोन्ही आले, आणि तानपुऱ्यासारखाच गंधार एकाही तारेला नाही.

त्या न लावलेल्या गंधारामुळेच माझा या जुळणीवर जीव आहे. ओपन डी जुळणीत तिसरी तार शुद्ध गंधारावर असते, त्यामुळे मोकळ्या तारा छेडल्या की मेजर कॉर्ड तयार. स्लाइड वाजवणाऱ्याला ती सोय मोलाची; पण काफीच्या वळणाची धून घेतली की तीच तार पदोपदी आडवी येते. डॅडगॅडमध्ये निवड बोटाकडे राहते. पहिल्या तारेवर तिसरा पडदा दाबला तर कोमल गंधार, चौथा दाबला तर शुद्ध.

इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही जुळणी रुळवली, ती मोरोक्कोत ऊदवादकांबरोबर वाजवता यावं म्हणून. अरबी मकामाला कॉर्ड लागत नाहीत, आधाराचा सूर लागतो. जिमी पेजने ‘ब्लॅक माउंटन साइड’ (१९६९) याच जुळणीत वाजवलं. त्यावर तबला आहे विराम जसानींचा.

जुळवताना शेवटचा निवाडा कानाने करावा. सहाव्या तारेवर बाराव्या पडद्याशी हार्मोनिक घेतलं की चौथ्या तारेचा सूर मिळतो, सातव्याशी दुसरीचा, पाचव्याशी पहिलीचा. तार हवी त्याहून थोडी खाली नेऊन मग वर चढवावी, म्हणजे सूर टिकतो. पूर्ण स्वर उतरवल्याने तारेचा ताण सुमारे २० टक्के कमी होतो आणि खर्ज पडद्यांवर खरखरतो. म्हणून नेहमी याच जुळणीत वाजवणाऱ्याने बाराऐवजी तेराचा संच चढवावा.

आता सहाव्या तारेवर चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे हलकं बोट ठेवून छेडा. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार इथेच ऐकू येतो. पडद्यावरचा शुद्ध गंधार याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा आहे. षड्ज मोकळा घुमत असताना हा फरक कानाला टोचतो, आणि टोचायलाच हवा. तार ओढून सूर चढतो, उतरत नाही. म्हणून विलंबित आलापात मी चौथा पडदा टाळतो. पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी कोमल गंधार धरायचा आणि तार ओढत वर जायचं. उतरवलेली असल्याने ती बोटाला कमी जड जाते. खर्जाशी होणारी थरथर मंदावत जाते, आणि ती पूर्ण थांबली की तिथे न्यास करायचा.