घरात येणारा पैसा : डोणगावची टिपणं

सोंगणी सुरू झाली की दोन-तीन एकरवाला शेतकरी आधी आपलं सोयाबीन सोंगतो. दुसऱ्या दिवशी तोच, बायकोला घेऊन, दुसऱ्याच्या वावरात हुंड्यानं, म्हणजे ठोक मजुरीवर, लागतो. हुंड्याचे पैसे काम उरकलं की हातात येतात. स्वतःच्या सोयाबीनचे, भाव मिळेल तेव्हा.

◆

राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे उतरवून ठेवतो. २०१२-१३ : देशातल्या शेतकरी कुटुंबाची महिन्याची सरासरी कमाई ६,४२६ रुपये, पिकातून ३,०८१, मजुरी-पगारातून २,०७१. २०१८-१९ : कमाई १०,२१८, पिकातून ३,७९८, मजुरी-पगारातून ४,०६३. सहा वर्षांत मजुरीनं पिकाला मागं टाकलं. डोणगावात हे कुणाला सांगावं लागत नाही.

◆

पूर्वी ज्वारी होती तेव्हा सालदाराच्या सालात, मजुराच्या रोजात धान्य असायचं. सोयाबीन आलं, ज्वारी हटली. सोयाबीनची भाकरी होत नाही. मजुराचा धान्याचा वाटा गेला, आणि कडबा गेल्यावर गोठाही रिकामा झाला. पैशातली मजुरी वाढली हे खरं, पण या दोन गोष्टी तिच्यातून वजा केल्याशिवाय वाढ सांगू नये.

◆

२०२१च्या पावसाळ्यात विदर्भातल्या बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. तोवर लहान शेतकऱ्याच्या घरात एक कट्टा उरला नव्हता. देणी भागवायला त्यानं आदल्या दिवाळीच्या आसपासच माल काढला होता. तेजी मिळाली ती माल थांबवण्याची ऐपत असणाऱ्याला. पीक एकच, तालुका एकच, तरी दोन घरांतलं अंतर त्या एका हंगामात वाढलं.

◆

पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३पासून नमो शेतकरीचे ६,०००. दोन्ही सातबाऱ्यावरच्या नावाला. समृद्धी महामार्ग डोणगावच्याच मेहकर तालुक्यातून गेला, त्याच्या जमिनीचा मोबदलाही सातबाऱ्यावरच्या नावाला. त्याच वावरांत वर्षानुवर्षं निंदण करणाऱ्या बायांचा सातबारा नव्हता.

ऑगस्ट २०२४पासून लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० मात्र थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. रक्कम लहान आहे, पण ती कुणाच्या हाती पडते याला मी फार महत्त्व देतो. पोरीची फी, स्वतःचं औषध यासाठी आता दर वेळी नवऱ्याला विचारावं लागत नाही, असं बाया सांगतात. कुटुंबाची सरासरी काढली की हे दिसत नाही.

◆

राज्यात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ साली १.३४. भाऊ वेगळे निघाले. एक गावात राहिला, एक पुण्याकडे कंपनीत.

◆

वरच्या १०,२१८ मध्ये पाचच रकाने आहेत : पीक, मजुरी-पगार, जनावरं, बिगरशेती धंदा, जमिनीचं भाडं. चाकणला मेसमध्ये जेवणारा पोरगा मृगाच्या तोंडावर फोनवरून जे पैसे टाकतो, ते यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. इथं कित्येक घरांत बियाण्याची पिशवी त्याच पैशांतून येते.